हाताचा हिस्सा

विमान निवडायला हर्षल भारंबेला अकरा आठवडे लागले.

जळगावच्या औद्योगिक वसाहतीत त्याचा कारखाना होता. ठिबक सिंचनाच्या नळ्यांना लागणारे साचे तिथं तयार होत. साच्यात केसाएवढा फरक पडला तरी शेतात कुठं पाणी जास्त, कुठं कमी. त्यामुळे मोजून खात्री केल्याशिवाय पुढं जायचं नाही, ही सवय त्याच्या अंगात मुरली होती. घरी मिक्सर घ्यायचा झाला तरी तो आठ दिवस वाचत बसे. इथं तर विमान घ्यायचं होतं, आणि ते बायकोला शिकण्यासाठी.

केतकी भूलतज्ज्ञ होती. दर मंगळवारी ती सातपुड्यातल्या अंबापाड्याच्या सरकारी दवाखान्यात जायची. जायला साडेपाच तास, यायला साडेपाच तास, त्यातला शेवटचा दीड तास घाटाचा. दोन वर्षांपूर्वी त्याच घाटात त्यांची जीप दरीत गेली. जीप चालवणारे गुलाबदादा जागीच गेले. केतकीचं गळपट्टीचं हाड मोडलं आणि चार महिन्यांनी, हात नीट वर जायला लागल्यावर, ती पुन्हा मंगळवारी पहाटे निघाली.

"बंद कर आता," हर्षल म्हणाला होता.

"तिथं मंगळवारी ऑपरेशनं होतात, कारण मंगळवारी मी जाते."

"दुसरं कोणी जाईल."

"कोण? एक नाव सांग."



त्या सुमाराला डोंगराळ भागात लहान धावपट्ट्या होऊ लागल्या होत्या. बॅटरीवर चालणारी दोन आसनी विमानं एका दमात दोन-अडीचशे किलोमीटर जाऊ शकत होती आणि ती चालवायला शिकणं मोटार शिकण्यापेक्षा फार अवघड राहिलं नव्हतं. दौऱ्यावरचे डॉक्टर, वनखात्याची माणसं अशी विमानं वापरायला लागली होती. अंबापाड्याच्या पठारावर पट्टी झाली तेव्हा केतकीनं जेवताना सांगितलं, "मी विमान चालवायला शिकते. पन्नास मिनिटांत पोचेन. घाट नाही, काही नाही."

हर्षल दोन दिवस विमानांबद्दल वाचत बसला. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "ठीक आहे. पण विमान मी निवडणार."

केतकी हसली. "निवड. त्यात बसणार मी आहे, एवढं लक्षात ठेव."

सोनखेडीच्या फ्लाइंग क्लबमध्ये कॅप्टन नजमा तडवी मुख्य प्रशिक्षक होत्या. रावेरकडच्या, चाळिशीच्या, कमी बोलणाऱ्या. हर्षलनं आणलेला तक्ता त्यांनी शांतपणे वाचला. सात विमानं, प्रत्येकाचं वजन, पंखांची लांबी, किती कमी वेगाला ते हवेत टिकतं, अपघातांची आकडेवारी. वाचून झाल्यावर त्या त्याला हँगरच्या कोपऱ्यात घेऊन गेल्या. तिथं एक जुनं पिवळं विमान उभं होतं. लोखंडी नळ्यांचा सांगाडा, त्यावर ताणलेलं कापड. बॅटरीची मोटर नंतर बसवलेली. क्लबमध्ये सगळे त्याला हळद्या म्हणत.

"शिकायला हे घ्या," नजमा म्हणाल्या. "विकत नका घेऊ, तासावर घ्या. दांडा ओढला की तार ओढली जाते, तार ओढली की शेपटी हलते. मध्ये कोणी नाही."

"आणि चूक झाली तर?"

"तर कळतं."

"कसं कळतं?"

"दणका बसतो, हर्षलभाऊ. विमान उड्या मारतं, वाकडं पळतं. मी शेजारी असतेच. पण दणका ज्याचा त्याला बसायला हवा."

हर्षलला घाटाच्या कठड्यापाशी पडलेली केतकीची चप्पल आठवली. "तिला बसलेत तेवढे दणके पुरेत," तो म्हणाला.

पुढच्या आठवड्यात विमानं बनवणाऱ्या एका कंपनीचे देवस्थळी 'पाकोळी' नावाचं नवं विमान घेऊन आले. पाकोळी दिसायला पांढरी, गुळगुळीत, पंखांवर एकही जोड न दिसणारी. देवस्थळी पन्नाशीचे, स्वतः इंजिनिअर. त्यांना विकण्यापेक्षा समजावून सांगण्यात रस होता. ते हर्षलला पंखाजवळ घेऊन गेले आणि त्याचा तळहात त्यावर ठेवायला लावला.

"हवा पंखावरून चिकटून वाहते, तोवर पंख विमानाला तोलून धरतो," ते म्हणाले. "तुम्ही नाक जास्त वर केलंत की एका क्षणी हवा पंखाला सोडते. फाटल्यासारखी बाजूला होते. मग पंखाचा आधार जातो आणि विमान खाली येतं. शिकाऊ माणसाचे निम्मे अपघात असेच, आणि बहुतेक जमिनीजवळ. बरोबर?"

"बरोबर."

"या पंखाला आम्ही कातडी दिली आहे. कागदाहून पातळ पापुद्रा, त्यात नऊ हजार ठिकाणी हवेचा दाब कळतो. हवा पंख सोडणार हे तिला अर्धा सेकंद आधी समजतं. मग आमची 'सांभाळ' यंत्रणा पंखाची मागची कड थोडी वाकवते, मोटरला थोडा जोर देते, शेपटी हलवते. पायलटला पत्ता लागत नाही."

"का लागत नाही?"

"कारण या विमानात तारा नाहीत. दांडा म्हणजे फक्त विनंती. तुमच्या हाताला जे वजन लागतं तेही आम्हीच निर्माण केलेलं. त्यामुळे दुरुस्ती झाली तरी हाताला वाटतं, आपणच केलं."

हर्षलला हे फार आवडलं. त्यानं पाकोळीला वाकडं उतरवण्याचे प्रयोग बघितले. देवस्थळींनी मुद्दाम उशिरा नाक उचललं, लवकर उचललं, आडव्या वाऱ्यात पेडलवरचे पाय काढून घेतले. विमान दर वेळी अलगद टेकलं.

शेवटी पाकोळी विकत घ्यायचं ठरलं आणि मालकाच्या नोंदी भरायच्या होत्या. एका ठिकाणी प्रश्न होता: दुरुस्ती झाल्यावर शिकणाऱ्याला कळवावं का? कळवायचं असेल तर दांडा थरथरणार.

"लोक काय करतात?" हर्षलनं विचारलं.

"घरच्या माणसासाठी घेणारे बहुतेक जण बंद ठेवतात. सारखा दांडा थरथरला की शिकणारा घाबरतो, मध्येच सोडून देतो. आकडा मात्र तुम्हाला फोनवर दिसेल. पंखानं जे केलं त्यातलं शिकणाऱ्याच्या हाताचं किती, त्याला आम्ही हिस्सा म्हणतो. सुरुवातीला पन्नास-साठ टक्के असतो."

हर्षलनं 'कळवू नये' यावर बोट ठेवलं. सबंध अकरा आठवड्यांत इतका झटपट घेतलेला निर्णय हा एकच.

केतकीला त्यानं सांगितलं, "चुकलीस तर विमान तुला वाचवेल." ते खरं होतं. तिनं समजून घेतलं ते असं की, सर्कशीतल्या झोक्यांखाली जाळी असते तसं काहीतरी असणार. पडलो तर उपयोगाचं, एरवी नाही. हा गैरसमज त्यानं दूर केला नाही.

शनिवार-रविवार सकाळी शिकवणी सुरू झाली. पहिल्या दिवशी हिस्सा अठ्ठावन्न टक्के आला. केतकी परत आली ती बूट न काढताच स्वयंपाकघरात येऊन बोलत राहिली. खालून तापी कशी दिसते, केळीच्या बागा वरून कशा शिवलेल्या गोधडीसारख्या दिसतात, नाक उचलताना पोटात काय होतं. अपघातानंतर ती अशी बोललेली हर्षलनं ऐकली नव्हती. तो ओट्याला टेकून ऐकत राहिला आणि आपण बरोबर निवडलं असं त्याला मनापासून वाटलं.

पाचव्या आठवड्यात तिनं विचारलं, "तुझ्या त्या सांभाळनं आतापर्यंत किती वेळा वाचवलं मला?"

त्या दिवशीचा आकडा त्याच्या खिशात होता. सत्तेचाळीस.

"एकदाही नाही," तो म्हणाला.

हे वाक्य त्यानं ठरवून म्हटलं नव्हतं. पण म्हटल्यावर तिचा चेहरा जो उजळला तो पाहून ते परत घेणं त्याला जमलं नाही.

नंतर आकडा आणखी खाली यायला लागला. त्रेचाळीस. एकोणचाळीस. हर्षलला वाटलं, मोजण्यात चूक असेल. केतकी तर दिवसेंदिवस सफाईनं उतरत होती. काठावर उभं राहून पाहणारे टाळ्या वाजवत. वीस तासांनंतर तिनं एकटीनं उड्डाण केलं. सांभाळ असलेल्या विमानांसाठी सरकारनं वेगळा परवाना काढला होता, त्याची परीक्षाही ती पास झाली. तेव्हा हिस्सा चौतीस होता.

त्यानं देवस्थळींना फोन केला.

"होतं असं," देवस्थळी म्हणाले. "खरं सांगू का भारंबे, आम्हालाही हे नंतर लक्षात आलं. हात शिकतो तो चुकीतून. बॉल झेलताना हात पुढं गेला, बॉल सुटला, की मेंदू पुढच्या वेळी हात मागं घेतो. हे आपण विचार करून करत नाही, मेंदूच्या मागच्या भागात आपोआप होतं. आता समजा हात चुकला तरी बॉल हातात आला, तर मेंदू काय समजेल? हेच बरोबर. पुढच्या वेळी आणखी थोडं चुकलं तरी चालतं. असं करत हात सैल होत जातो."

"म्हणजे ती बिघडत चालली आहे."

"ती पाकोळीच चालवणार ना? मग काय फरक पडतो? यंत्रणा आहेच."

"कायम असते?"

"जवळजवळ कायम. पापुद्र्यावर फार धूळ बसली, बर्फ बसला, तर तिला हवा कळत नाही. मग ती घंटी वाजवून विमान पायलटच्या हातात देते. माहितीपुस्तकात आहे ते."

हर्षलनं माहितीपुस्तक तीनदा वाचलं होतं. ते वाक्य त्याला आठवतही होतं. वाचताना मात्र 'पायलट' म्हणजे केतकी, हे त्याच्या डोक्यात आलं नव्हतं. एप्रिल-मे महिन्यात सातपुड्याच्या पायथ्याशी धुळीची वादळं उठतात हे खानदेशात राहणाऱ्या कोणालाही सांगावं लागत नाही.

तरीही तो दोन आठवडे गप्प राहिला. रोज सकाळी ठरवायचा, रोज संध्याकाळी पुढं ढकलायचा. नजमांनी त्याला एकदा गेटवर गाठलं. "भाऊ, आता सांगा. मालकानं बंद ठेवलेलं शिकणाऱ्याला सांगायचं नाही, असा कंपनीशी क्लबचा करार आहे, त्यामुळे मी बोलू शकत नाही. पण पुढच्या महिन्यात त्या डोंगरात जाणार आहेत." तो हो म्हणाला आणि घरी येऊन पुन्हा गप्प बसला.

मार्चच्या एका रविवारी केतकी म्हणाली, "चल, आज तुला घेऊन जाते."

तो प्रथमच तिच्या शेजारी बसला. वर गेल्यावर केतकी इतकी सहज वागत होती की त्याची भीती थोडा वेळ गेलीच. तिनं वळण घेतलं, हतनूर धरणाचं पाणी दाखवलं, एका हातानं त्याची दुमडलेली कॉलर सरळ केली. मग ती उतरायला लागली. फोन त्याच्या मांडीवर होता. पाहायचं नाही असं ठरवूनही त्यानं पाहिलं. धावपट्टी जवळ येत गेली तसा आकडा उतरत गेला. तीस. सव्वीस. केतकीनं दांडा ओढला, तो फार लवकर आणि फार जोरात. साचे मोजणाऱ्या त्याच्या डोळ्यांना ते स्पष्ट दिसलं. विमानाचं नाक मात्र संथपणे, हवं तेवढंच उचललं गेलं. चाकं टेकली. आकडा बावीसवर थांबला.

"कसं?" केतकीनं विचारलं. तिच्या कपाळावर घामाचा एक थेंबही नव्हता.

त्यानं फोन तिच्यासमोर धरला.

सगळं सांगायला त्याला दहा मिनिटं लागली. केतकीनं मध्ये एकच प्रश्न विचारला.

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून."

मोटर बंद होती. बाहेर कोणीतरी चाकांना अडसर लावत होतं. केतकी दोन्ही हात दांड्यावर ठेवून समोर पाहत होती.

"व्हेंटिलेटरवरचा पेशंट असतो ना," ती म्हणाली, "त्याची छाती छान वरखाली होते. रंग चांगला असतो. नातेवाइकांना वाटतं, श्वास घेतोय. यातला किती श्वास त्याचा आणि किती मशीनचा, हे बघितल्याशिवाय मी आजपर्यंत एकाचीही नळी काढली नाही. काढली तर तो मरेल. हे तुला माहीत आहे. मी शंभरदा सांगितलंय घरी."

"तू पुन्हा आनंदात दिसायला लागली होतीस."

"हो. होते मी आनंदात." तिनं पट्टा सोडला. "एखाद्याला भूल द्यायची तर मी आधी त्याला समजावते, हो म्हणवून घेते, सही घेते. तू मला न विचारता दिलीस."

ती उतरली आणि थेट नजमांकडे गेली. "दुरुस्ती कळवणं चालू करून माझ्याबरोबर एकदा चला," म्हणाली. या वेळी दांडा थरथरणार होता. हर्षल पट्टीच्या काठावर उभा राहिला. विमान वर गेलं, एक फेरी मारून उतरलं. बाहेरून पाहणाऱ्याला ते मघाइतकंच सुबक दिसलं. नजमांनी नंतर सांगितलं की, उड्डाणापासून टेकेपर्यंत दांडा थरथरायचा थांबलाच नाही.

"मीही बोलले नाही, डॉक्टर," नजमा म्हणाल्या. "करार होता, हे खरं. पण बोलायला हवं होतं."

"हळद्या कधी रिकामं असतं?" केतकीनं विचारलं.

त्यानंतरचे महिने दोघांनाही जड गेले. भांडण असं झालं नाही. केतकी दवाखान्याबद्दल बोलायची, भाजी काय आणायची ते सांगायची, हर्षलच्या आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख तिनंच ठरवली. फक्त विमानाबद्दल ती एक शब्द काढत नसे. शनिवारी सकाळी बूट घालायची, दुपारी येऊन बूट काढायची. आणि डोंगरातली उड्डाणं लांबणीवर पडल्यामुळे मंगळवारी पहाटे जीप दारात येतच राहिली.

ज्या घाटातून तिला सोडवायला त्यानं हे सगळं केलं होतं, तिथूनच ती अजून जात होती. दुसऱ्या मंगळवारी तो फाटकापाशी जाऊन म्हणाला, "मी चालवू का?"

केतकीनं त्याच्याकडे पाहिलं. "चालव."

घाट सुरू झाला. जिथं जीप गेली होती तिथं आता नवा कठडा होता. हर्षलनं गाडी हळू केली.

"तू माझ्यासाठी घाबरतोस, याचा मला राग नाही," केतकी अचानक म्हणाली. "मलाही वाटते इथं भीती. दर मंगळवारी. डोळे मिटून घेते या वळणावर."

"कधी बोलली नाहीस."

"बोलले असते तर तू जाऊ दिलं नसतंस." तिनं खिडकीची काच खाली केली. "म्हणजे मीही लपवलंच. पण हर्षल, माझी भीती मी लपवली. तू माझी चूक लपवलीस. ती माझी होती. मला हवी होती ती."

वळण संपलं. त्या दिवशी अंबापाड्याच्या दवाखान्याबाहेर लिंबाखाली बसून त्यानं सहा तास काढले, आणि आतून दोन वेळा लहान मुलाच्या रडण्याचा आवाज आला तेव्हा आपली बायको दर मंगळवारी नेमकं काय करते, हे त्याला लग्नाच्या बारा वर्षांत पहिल्यांदा कानांनी कळलं.

पुढचे पाच मंगळवार त्यानं गाडी चालवली. चौथ्या खेपेला परत येताना केतकी आपणहून म्हणाली, "परवा हळद्यानं मला अकरा वेळा आपटलं."

"अकरा?"

"नजमा म्हणते, नव्यानं शिकणारा सहा वेळा आपटतो. माझ्या हाताला आधी खोटं विसरायचंय, मग खरं शिकायचंय. लवकर ओढते मी. डोक्याला कळतं, हाताला कळत नाही." तिनं उजवा हात उघडून पाहिला. अंगठ्याच्या मुळाशी फोड आला होता. "पण आता ओढलं की लगेच कळतं. दणका बसायच्या आधीच कळायला लागलंय. बुडाखाली काहीतरी ढिलं पडल्यासारखं वाटतं."

हर्षलनं 'जपून' असं म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं.

ऑगस्टमध्ये, पावसानं उघडीप दिलेल्या एका सकाळी, केतकी हळद्या एकटीनं घेऊन वर गेली. हर्षलला तिनं बोलावलं नव्हतं आणि येऊ नको असंही म्हटलं नव्हतं. तो नजमांशेजारी उभा राहिला. आडवा वारा होता. पहिल्या खेपेला विमान टेकलं, उसळलं, डावीकडे सरकलं. केतकीनं मोटरला जोर दिला आणि ती पुन्हा वर गेली.

"सांगा ना तिला काहीतरी," हर्षल म्हणाला. नजमांच्या हातात रेडिओ होता.

"काय सांगू? तिनं बरोबर केलं. जमत नव्हतं, सोडून दिलं, वर गेली. पाकोळीत हे ती कधी शिकलीच नसती."

दुसऱ्या खेपेलाही ती टेकायच्या आधीच वर गेली. तिसऱ्या वेळी विमान एका चाकावर आलं, तसंच काही अंतर पळालं, मग दुसरं चाक खाली बसलं. सुबक काहीच नव्हतं त्यात. हळद्या धापा टाकल्यासारखं हेलकावत हँगरपाशी आलं. केतकी उतरली. तिचा सदरा पाठीला चिकटला होता.

हर्षल पुढं गेला. तिनं हात पुढं केले, तेव्हा त्यानं ते धरले. दोघांचेही हात सारखेच गार होते.

"माझं होतं हे," ती म्हणाली. "वाईट होतं. पण माझं."

हळद्या डोंगर ओलांडण्याइतकं ताकदीचं नव्हतं. अंबापाड्याला जायला पाकोळीच लागणार होती. दिवाळीनंतर तो प्रश्न पुन्हा समोर आला तेव्हा हर्षल म्हणाला, "या वेळी तू निवड."

केतकीनं पाकोळीच निवडली. सांभाळ चालू, आणि दांडा थरथरणार. मालक म्हणून नाव मात्र तिचं. कारखान्यातल्या टेबलाशी बसून हर्षलनं कागद भरले आणि आपल्या फोनमधून हिस्सा दाखवणारी खिडकी काढून टाकली. काढताना यंत्रानं विचारलं, नक्की का? त्यानं हो म्हटलं. सवयीनं त्याचा अंगठा पुढचे कित्येक दिवस त्या रिकाम्या जागेवर जात राहिला.

नजमांनी देवस्थळींना क्लबमध्ये बोलावून घेतलं. केतकी, हर्षल आणि आणखी चार शिकणारे असे सगळे बसले. कोणी आवाज चढवला नाही. केतकीनं आपले आकडे वाचून दाखवले, अठ्ठावन्नपासून बावीसपर्यंत. सहा महिन्यांनी कंपनीनं तो प्रश्नच नोंदीतून काढला. आता पाकोळीत दुरुस्ती झाली की दांडा थरथरतोच. तो बंद करायची सोय मालकाला नाही. त्यामुळे विक्री घटली, असं देवस्थळींनी नंतर हर्षलला कळवलं. पुढं लिहिलं होतं, माझी मुलगी शिकते आहे, तिचा आकडा वाढतो आहे.

नव्या वर्षापासून केतकी दर मंगळवारी उडत जायला लागली. सकाळी साताला निघायची, पाचला घरी. मंगळवारी हर्षल कारखान्यात नेहमीपेक्षा जास्त काम काढायचा. साच्यांची मापं तो दोनदा घ्यायचा आणि दोन्ही वेळा आकडे विसरायचा. पण सोनखेडीला फोन करून विचारायचं नाही, हे त्यानं स्वतःशी ठरवलं होतं आणि पाळलं होतं.

एप्रिलच्या दुसऱ्या मंगळवारी पाच वाजले, साडेपाच झाले, केतकी आली नाही. पश्चिमेचं आभाळ पिवळट झालं होतं. हर्षल घरी आला, भात लावला, कुकरच्या शिट्ट्या मोजायला विसरला. सहाला फोन वाजला.

"अंबापाड्यातच आहे," केतकी म्हणाली. "आज इथंच राहते. वारा आहे. तीन सिझेरियन होती, एक फार अवघड गेलं. बाईचं रक्त थांबेना. आता बरी आहे ती. मुलगी झाली, सव्वादोन किलोची."

"बरं झालं."

"सकाळी इथं येताना धूळ होती खूप. सांभाळनं घंटी वाजवली, विमान माझ्या हातात दिलं. शेवटची चार मिनिटं."

हर्षल खुर्चीवर बसला. ही गोष्ट सकाळी आठला घडली होती. सकाळी आठला तो कारखान्यात चहा पीत होता. त्या चार मिनिटांत तो कुठंच नव्हता, त्याच्या फोनवर काही उमटलं नव्हतं, आणि ती दहा तास तिचं काम करून मग त्याला सांगत होती.

"मग?" त्यानं विचारलं.

"मग काय. पहिल्यांदा जमलं नाही, वर गेले. दुसऱ्यांदा उतरले. जरा आपटले."

तिच्या आवाजामागं कोणीतरी हाक मारत होतं, भांडी वाजत होती. दवाखान्यातल्या बायका तिला जेवायला बोलावत असाव्यात.

"उद्या मी येऊ का सोनखेडीला? सकाळी?"

केतकीनं हाक मारणाऱ्या बाईला 'आलेच' म्हणून सांगितलं.

"वारा किती असेल माहीत नाही," ती म्हणाली. "कदाचित नऊला निघेन, कदाचित अकराला. तू कामावर जा. मी येते."